काउंटीत कलेक्टर नसतो

मागच्या महिन्यात आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मुलीचा घाबऱ्याघुबऱ्या निरोप आला. नाशिकहून न्यू जर्सीत येऊन तिला जेमतेम दीड वर्ष झालंय. "काउंटीचं पत्र आलंय, कोर्टात बोलावलंय. आम्ही तर काहीच केलं नाही. कुणाला भेटू?" अर्ध्या तासात उत्तरांचा पाऊस पडला. एक म्हणाली टाउनशिपमध्ये, म्हणजे गावच्या नगरपालिकेत जा, दुसऱ्याने वकील गाठायला सांगितलं, आणि एका काकांनी "आमच्या वेळी असं नव्हतं" एवढंच लिहून विषय संपवला.

पत्र ज्युरी ड्युटीचं होतं, म्हणजे कोर्टातल्या खटल्यात निकाल द्यायला सामान्य नागरिकांना बोलावतात त्याचं, आणि त्यावर करायचं काम पाच मिनिटांचं. त्याकडे पुढे येतोच. पण तिचा शेवटचा प्रश्न मला फार नेमका वाटला. कुणाला भेटू? वीस-वीस वर्षं अमेरिकेत काढलेल्या, दोन-दोन घरं घेतलेल्या लोकांनाही ते सांगता येत नाही. आपल्या डोक्यात काउंटी म्हणजे जिल्हा असं भाषांतर पक्कं बसलेलं असतं, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मग काउंटी म्हणजे काय?

राज्याने आपल्या कामाच्या सोयीसाठी केलेला भूभाग म्हणजे काउंटी. इथवर ती जिल्ह्यासारखीच आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेत काउंटीचा उल्लेखही नाही. ती पूर्णपणे राज्याची निर्मिती, त्यामुळे तिने काय करायचं आणि काय नाही हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं.

देशभरात अशा तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत. टेक्ससमध्ये 254, डेलावेअरमध्ये फक्त 3. लुइझियानात त्यांना पॅरिश म्हणतात, अलास्कात बरो. 2020 च्या जनगणनेत लॉस एंजेलिस काउंटीची लोकसंख्या एक कोटीच्या वर होती, म्हणजे 2011 च्या पुणे जिल्ह्यापेक्षाही जास्त. त्याच जनगणनेत टेक्ससच्या लव्हिंग काउंटीत माणसं भरली 64. आपल्याकडे एवढी एका चाळीत सहज निघतील! कनेक्टिकटने तर 1960 साली काउंटी सरकारं बंदच करून टाकली, आणि ऱ्होड आयलंडमध्ये काउंटी फक्त नकाशावर उरली आहे. म्हणून कुणी "काउंटीत असं असतं" म्हणालं की पहिला प्रश्न विचारायचा: कुठल्या राज्यात?

आता कलेक्टर. आपल्याकडे जिल्हाधिकारी हा सरकारने नेमलेला माणूस असतो. काम कुठलंही असो, शेवटी "कलेक्टर कचेरीत जा" म्हटलं की निदान दिशा तरी कळते. काउंटीत सहसा असा एकच मुख्य साहेब नसतो. मतदारांनी निवडलेलं एक मंडळ कारभार बघतं. न्यू जर्सीत त्यांना कमिशनर म्हणतात, कॅलिफोर्नियात सुपरवायझर. पण त्याच मतदारांनी बहुतेक ठिकाणी शेरीफलाही निवडलेलं असतं, बऱ्याच ठिकाणी कागदपत्रं सांभाळणाऱ्या काउंटी क्लार्कलाही, आणि काही ठिकाणी घरांची किंमत ठरवणाऱ्या असेसरलाही. मंडळाच्या हाती बजेट असतं खरं, पण निवडून आलेल्या क्लार्कला ते हुकूम सोडू शकत नाही. थोडक्यात, वरून फोन लावायची सोय इथे नाही.

जाता जाता, शेरीफ हे पद मुंबईलाही आहे, त्याला आपण नगरपाल म्हणतो. एकेकाळी दिलीपकुमारही त्या पदावर होते. मुंबईत तो निव्वळ मान आहे. इथला शेरीफ मात्र निवडणूक लढवून येतो, कमरेला पिस्तूल लावतो आणि बऱ्याच काउंट्यांत तुरुंगही चालवतो.

वाडा एक, चुली चार

मला हे समजावायला वाड्याचं उदाहरण सोपं पडतं. एकाच वाड्यात चार भाऊ राहतात आणि चौघांच्या चुली वेगळ्या. दिंडी दरवाजा एक, आड एक, पण थोरल्याच्या चुलीवरची भाकरी धाकट्याच्या घरात मागून मिळत नाही. तुमचं घर त्या वाड्यात उभं आहे. एक चूल शहराची किंवा टाउनशिपची, दुसरी काउंटीची, तिसरी राज्याची, आणि चौथी शाळांची, म्हणजे स्कूल डिस्ट्रिक्टची. ती चौथी बहुतेक राज्यांत स्वतंत्र असते, आणि न्यू जर्सीत घरपट्टीतला सगळ्यात मोठा घास तिचाच. व्हिसा, पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी हे सगळं वाड्याबाहेरचं, वॉशिंग्टनचं. अनेक काउंटी क्लार्क पासपोर्टचा अर्ज घेतात, पण ते पोस्टमनसारखे. पासपोर्ट उशिरा आला म्हणून त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नाही.

रस्त्यावरच्या खड्ड्याचंच बघा. (हा विषय आपल्याला शिकवावा लागत नाही.) एकाच गावात एक रस्ता टाउनशिपचा असतो, त्याला येऊन मिळणारा काउंटीचा आणि पुढचा राज्याचा. ओळखायची खूण म्हणजे पाटी. न्यू जर्सीत निळ्या पंचकोनात पिवळा आकडा दिसला की रस्ता काउंटीचा. तिथल्या खड्ड्याची तक्रार टाउनशिपला केली तर ते नम्रपणे ऐकून घेतील आणि खड्डा जागच्या जागी राहील.

पत्त्यावर जाऊ नका

ही बाब थोडी सावकाश वाचा, कारण चुकीच्या दारात उभं राहण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. पत्त्यातलं गावाचं नाव पोस्ट खात्याने पत्रं वाटायच्या सोयीसाठी दिलेलं असतं. सरकारी हद्दीशी त्याचं जुळेलच असं नाही.

ओक ट्री रोड आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. साड्या, चाट, दिवाळीची खरेदी, सगळं तिथेच. त्या रस्त्याचा काही भाग एडिसनमध्ये येतो आणि काही इसेलिनमध्ये, असं आपण म्हणतो. पण इसेलिन नावाची नगरपालिका अस्तित्वातच नाही! इसेलिन हा वुडब्रिज टाउनशिपचा एक भाग आहे. तिथे दुकान काढायचं तर परवानगी वुडब्रिजची लागते.

प्रिन्स्टनची तऱ्हा त्याहून वाईट. पत्त्यात प्रिन्स्टन लिहिलेली कितीतरी घरं प्रत्यक्षात प्लेन्सबरो किंवा साउथ ब्रन्सविकच्या हद्दीत आहेत. प्रिन्स्टन मर्सर काउंटीत, ही दोन्ही मिडलसेक्समध्ये. म्हणजे नुसतं गाव नाही, काउंटीच बदलली. कॅलिफोर्नियात आणखी एक प्रकार असतो. पत्ता सॅन होजेचा, पण घर कुठल्याच शहराच्या हद्दीत नाही. अशा भागाला अनइनकॉर्पोरेटेड म्हणतात, आणि तिथे बांधकामाच्या परवान्यापासून बहुतेक सगळं काउंटीच बघते. न्यूयॉर्क शहरात याच्या उलट, एका शहराच्या पोटात पाच काउंट्या: मॅनहॅटन ही न्यूयॉर्क काउंटी, ब्रुकलिन ही किंग्ज, स्टेटन आयलंड ही रिचमंड, आणि क्वीन्स नि ब्रॉन्क्स आपापल्या नावाच्या.

आपलं घर नक्की कुठल्या हद्दीत आहे ते कळायचा खात्रीचा मार्ग म्हणजे घरपट्टीचं बिल. भाड्याने राहत असाल तर घरमालकाला विचारा, किंवा काउंटीच्या संकेतस्थळावरच्या नकाशात पत्ता टाकून बघा.

एकच काम, राज्यागणिक वेगळी चूल

आमचा थोरला कॅलिफोर्नियात जन्मला. त्याचा जन्मदाखला काउंटीच्या क्लार्क-रेकॉर्डरकडून मिळाला होता. धाकटीच्या वेळी आम्ही न्यू जर्सीत होतो. मी मोठ्या आत्मविश्वासाने काउंटीच्या कचेरीत जाऊन रांगेत उभा राहिलो. खिडकीतल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की इथे दाखले नगरपालिका देते. बरं म्हणून आमच्या टाउनशिपमध्ये गेलो, तर तिथेही नाही. हॉस्पिटल ज्या गावात, जन्माची नोंद त्या गावात. आम्ही राहायला एडिसनला, हॉस्पिटल न्यू ब्रन्सविकचं. जिथून सुरुवात केली होती ती काउंटीची कचेरीही न्यू ब्रन्सविकलाच. बायको त्यानंतर आठवडाभर मला "काउंटी" म्हणत होती.

लग्नाच्या परवान्याचंही तसंच. कॅलिफोर्निया आणि टेक्ससमध्ये तो काउंटी क्लार्क देतो, न्यू जर्सीत नगरपालिकेचा रजिस्ट्रार. न्यू जर्सीत अर्ज केल्यावर 72 तास थांबावं लागतं, तेव्हा मुहूर्त आदल्या दिवशी आठवून चालत नाही.

घरपट्टी कॅलिफोर्नियात काउंटी गोळा करते, दोन हप्त्यांत. 10 डिसेंबर आणि 10 एप्रिल या तारखा ओलांडल्या की दंड. नव्याने घर घेणाऱ्यांना तिथे एक सप्लिमेंटल बिल येतं, घराची किंमत नव्याने ठरल्यामुळे. हे बिल बँकेकडे जात नाही, थेट तुमच्या नावावर येतं. "आमची घरपट्टी तर बँक भरते" म्हणून ते रद्दीत टाकणारे मी पाहिलेत. न्यू जर्सीत घरपट्टी टाउनशिपला भरायची, वर्षातून चार वेळा. पण घराची किंमत जास्त लावली असं वाटलं तर अपील काउंटीच्या कर मंडळाकडे, आणि त्याची मुदत बहुतेक काउंट्यांत साधारण 1 एप्रिलची. एका चुलीला पैसे द्यायचे आणि दुसरीकडे गाऱ्हाणं न्यायचं. टेक्ससमध्ये तर गाडीची वार्षिक नोंदणीसुद्धा काउंटीच्या कर कचेरीत होते.

आणि डबा. घरून पोळी-भाजीचे डबे देणाऱ्या ताई प्रत्येक मोठ्या गावात आहेत. कॅलिफोर्नियात 2019 पासून घरच्या स्वयंपाकघरातून शिजवलेलं जेवण विकायला कायद्याने वाट करून दिली आहे, पण ती तुमच्या काउंटीने मान्य केली असेल तरच. रिव्हरसाइड काउंटीने ती सर्वांत आधी मान्य केली. म्हणजे काउंटीची सीमा ओलांडली की तोच डबा बेकायदा ठरू शकतो. न्यू जर्सीत 2021 पासून फ्रिजबाहेर टिकणारे घरगुती पदार्थ विकायचा परवाना मिळतो, तो राज्याकडून. गरम डबा त्यात बसत नाही.

घराचे कागद: सातबारा शोधू नका

जमिनीचा एक उतारा काढला की मालक कोण ते कळतं, ही आपली सवय. इथे सातबारा नाही. घर घेतल्यावर खरेदीखताची, म्हणजे डीडची, नोंद काउंटी क्लार्क किंवा रेकॉर्डरकडे होते. हे काम आपल्या दुय्यम निबंधकाच्या जवळचं आहे. तो कागद नोंदवून ठेवतो, मालकीची हमी देत नाही. म्हणून तर इथे घर घेताना टायटल इन्शुरन्स, म्हणजे मालकीचा विमा, काढायला लावतात. गट नंबरच्या जागी न्यू जर्सीत ब्लॉक आणि लॉट हे दोन आकडे असतात, कॅलिफोर्नियात पार्सल नंबर. कचेरीत फोन करायच्या आधी हा आकडा हाताशी ठेवा. आडनावाचं स्पेलिंग सांगण्यातली दहा मिनिटं वाचतील.

घर घेतलं की महिन्याभरात एक सरकारी थाटाचं पत्र येतं: तुमच्या डीडची प्रमाणित प्रत घ्या, शंभर-एक डॉलर पाठवा. वर गरुडाचं चित्र वगैरे. हे पत्र काउंटीचं नसतं, एका खासगी धंद्याचं असतं. तीच प्रत काउंटीकडे अगदी थोडक्यात मिळते.

न्यू जर्सीत मृत्युपत्राचं काम काउंटीच्या सरोगेटकडे असतं. सरोगेट मातेशी त्याचा काही संबंध नाही, ते निवडून आलेल्या अधिकाऱ्याचं नाव आहे. मृत्यूनंतर दहा दिवस उलटल्यावरच तिथे मृत्युपत्र मंजूर होऊ शकतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी कुणाला पळवू नका. भारतात वापरायच्या कागदांवर लागणारं अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचं प्रमाणपत्र, काउंटी देत नाही, ते राज्याचं काम. पण जन्माची किंवा मृत्यूची प्रत मागतानाच "अपोस्टीलसाठी हवी आहे" असं सांगा. कुणाच्या सहीची प्रत चालते याचे नियम असतात, आणि चुकीची प्रत घेतली की हेलपाटा ठरलेला. न्यूयॉर्क राज्यात नोटरी केलेल्या कागदावर आधी काउंटी क्लार्कचा शिक्का घ्यावा लागतो. पुण्यातल्या फ्लॅटसाठी मुखत्यारपत्र करणाऱ्यांना तिथे ही जादा पायरी चढावी लागते.

"त्यात काय, गुगल करू की!"

करा, पण राज्याचं नाव टाकून करा. मिडलसेक्स काउंटी न्यू जर्सीत आहे, तशी मॅसॅच्युसेट्समध्येही आहे. मी एकदा अर्धा तास मॅसॅच्युसेट्सचे नियम मन लावून वाचले होते, वहीत टिपणंही काढली होती. ऑरेंज काउंटी तर कॅलिफोर्नियात, फ्लोरिडात, न्यूयॉर्कमध्ये, सगळीकडे.

दुसरं म्हणजे, वर दिसणारे पहिले एक-दोन निकाल बहुतेकदा जाहिराती असतात. "जन्मदाखला मिळवा" म्हणून तुमचाच अर्ज पुढे पाठवायचे जादा पैसे घेणारे. पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह असेल तर ते सरकारी. सगळ्याच काउंट्यांनी अजून ते घेतलेलं नाही, काही जुन्या पत्त्यांवरच आहेत. शंका आली तर घरपट्टीच्या बिलावर किंवा राज्याच्या संकेतस्थळावर दिलेला पत्ता वापरा.

आणि एवढं करूनही कुठली कचेरी ते उमगत नसेल तर 211 फिरवा. जीव धोक्यात असेल तेव्हा 911, आणि मदत कुठे मिळेल हे विचारायला 211. घरभाडं थकलंय, आईला डॉक्टरकडे न्यायला गाडी हवी आहे, खायची भ्रांत आहे, असल्या प्रश्नांना योग्य दार दाखवणारी ही सेवा आहे. काही मोठ्या शहरांत 311 असतो, तो खड्डे, कचरा आणि दिव्यांसाठी.

"पण मी नागरिक नाही, मला कोण विचारतो?"

वाचनालय, बाग, कागदांची नोंदणी, लग्नाचा परवाना, यांना नागरिकत्व लागत नाही. एडिसनचं रूझवेल्ट पार्क काउंटीचं आहे. तिथे सकाळी फिरायला येणारे आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर असतात, त्यांना कुणी हटकत नाही. रोख सरकारी मदतीचा अर्ज करण्याआधी मात्र इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला, त्याचा पुढे ग्रीन कार्डशी संबंध येऊ शकतो.

आता ते पत्र. ज्युरीसाठीची नावं मतदार यादीबरोबरच ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतूनही काढतात. लायसन्स आपल्याकडेही असतं, म्हणून पत्र आपल्यालाही येतं. ज्युरीत फक्त नागरिकच बसू शकतात. म्हणून प्रश्नावलीत "नागरिक आहात का?" यापुढे "नाही" अशी खूण करून ती परत पाठवायची, झालं. फेकून मात्र द्यायची नाही. आणि उगाच चांगुलपणा म्हणून "हो" तर अजिबात लिहायचं नाही. लायसन्स काढताना मतदार नोंदणीचा प्रश्न येतो, तिथेही तेच. नागरिक नसताना नागरिक असल्याचं लिहून देणं ही इमिग्रेशनच्या कायद्यातली फार गंभीर चूक आहे, त्यावरून देश सोडावा लागू शकतो.

"तुम्ही ज्युरीला आला नाहीत, वॉरंट निघालंय, गिफ्ट कार्डाने दंड भरा" असा शेरीफच्या नावाने फोन आला तर सरळ ठेवून द्या. कुठलंही सरकार गिफ्ट कार्डावर दंड घेत नाही.

"बोलताना माझी गाडी अडते"

दुभाष्या मागा. केंद्राचा पैसा घेणाऱ्या कचेऱ्यांना 1964 चा नागरी हक्क कायदा मूळ देशावरून भेदभाव करू देत नाही, आणि इंग्रजी न येणाऱ्यांनाही सेवा मिळावी ही अपेक्षा त्यातूनच आली. बऱ्याच ठिकाणी फोनवरून दुभाष्या जोडून देतात. फक्त "मराठी" हा शब्द सुरुवातीलाच ठळक उच्चारा. भारतीय दिसलात की समोरचा हिंदी गृहीत धरतो, आणि सांगलीहून आलेली आजी दोन परक्या भाषांच्या मध्ये अडकते.

ऐकलंच नाही तर?

माहितीचा अधिकार इथेही आहे, फक्त केंद्राचा कायदा काउंटीला लागू होत नाही. प्रत्येक राज्याचा वेगळा. न्यू जर्सीतल्याला ओपरा म्हणतात. अर्ज साधा असतो, बहुतेक ठिकाणी ऑनलाइन. आमच्या इथल्या एका गृहस्थांनी तो वापरून आपल्या चौकातल्या सिग्नलसाठी झालेल्या वाहतूक पाहणीची प्रत मिळवली होती.

मग ती घेऊन ते कमिशनरांच्या सभेला गेले. या सभा सगळ्यांना खुल्या असतात, विषयपत्रिका आधी जाहीर होते, आणि शेवटी लोकांना बोलायला मोजकी मिनिटं मिळतात. आधी नाव आणि गाव सांगायचं, मग मुद्दा. गृहस्थ निवृत्त प्राध्यापक. पहिली दोन मिनिटं त्यांनी प्रस्तावनेतच घालवली आणि घंटा वाजली. पुढच्या महिन्यात ते पुन्हा गेले, या वेळी बायकोने लिहून दिलेली चार वाक्यं घेऊन.

नाशिकच्या त्या मुलीने "नाही"वर खूण करून प्रश्नावली ऑनलाइन भरली. काकांनी ग्रुपवर तिला अंगठा दाखवला आणि खाली विचारलं, "माझंही एक पत्र आलं होतं मार्चमध्ये, ते कुठे भरायचं?"